बाटली हलवून घ्यावी

दिवाळीची साफसफाई निघाली, की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. एक ‘टाका’ पक्ष आणि दुसरा ‘असू द्या’ पक्ष. पहिल्याच्या पुढारी आमच्या सौ. आणि दुसऱ्याचा एकुलता एक सभासद मी. यंदा वसुबारसेच्या आदल्या रविवारी ही लढाई औषधांच्या कपाटापाशी येऊन थडकली. सौ. स्टुलावर उभ्या, मी खाली ओंजळ पसरून, आणि वरून एकेक बाटली उतरते आहे. जेवणाच्या टेबलावर त्यांची पंगत मांडली, तेव्हा मोजून सतरा पाने झाली! कुणी चिकट, कुणी अर्धी, कुणाचे बूच हरवलेले, कुणाचे लेबल फाटलेले. सगळ्या वयांचे पाहुणे होते.

“अहो, हे कसलं?” सौ.नी विचारले.

“खोकल्याचं असावं.”

“असावं म्हणजे? आणि हे पांढरं?”

“ते पोटाचं. बहुतेक.”

“चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलंत, आणि घरातल्या बाटलीला ‘बहुतेक’ म्हणता?”

वाचकहो, टोमणा झोंबला. पण त्यात खोटे काय होते? शिवाय त्यामागे आमच्या घरची एक जुनी गोष्ट होती. ती पुढे सांगणारच आहे. त्या दुपारी मी मनाशी ठरवले, की यंदाच्या दिवाळी अंकात फराळावर लिहावयाचे नाही. या सतरा पाहुण्यांची ओळख करून द्यावयाची. तुमच्याही कपाटात अशी पंगत बसलेली असणार, याविषयी मला मुळीच शंका नाही.

खाचांची पट्टी

माझे वडील गिरगावातल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. शाळा सुटली, की मी तिथे जाऊन बसे. त्या काळी पेशंटने घरून स्वच्छ बाटली न्यावयाची असे. डॉक्टर चिठ्ठीवर लिहीत, आणि वडील मोठ्या बरण्यांतून मापाने ओतून ‘मिक्श्चर’ तयार करीत. कुणाचे लाल, कुणाचे पांढरे, कुणाचे पिवळे. मग माझे काम सुरू होई. कागदाची पट्टी घ्यावयाची, तिच्या घड्या घालून कडेला खाचा कापावयाच्या आणि ती उलगडून खळीने बाटलीला डकवावयाची. एक खाच म्हणजे एक डोस. सहा खाचा, दिवसातून तीनदा, म्हणजे दोन दिवसांचे औषध. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीबाईलासुद्धा चुकणे कठीण. बाटली हाती देताना वडील दोनच वाक्ये बोलत : “हलवून घ्या. एका वेळी एकच खाच.” आणि घरी आल्यावर मला सांगत, “औषध डॉक्टरांचं, पण मात्रा आपली. ती चुकली, तर डॉक्टरही चुकले आणि औषधही चुकलं.”

हल्ली ते मिक्श्चर जवळजवळ गेलेच. त्या जागी कारखान्यातली सीलबंद बाटली आली. तिच्यावर औषधाचे नाव आले, प्रमाण आले, तयार केल्याची आणि मुदत संपल्याची तारीख आली. हे फार चांगले झाले. परंतु एक गोष्ट हरवली. पट्टी गेली. मोजण्याचे काम कंपाउंडरच्या हातून सुटून तुमच्या-माझ्या हाती आले. आणि आपण ते कसे करतो? मूल रडते आहे, कुकरची शिट्टी होते आहे, आणि हाती लागेल तो चमचा घेऊन आपण अंदाजाने ओततो.

गोळीचे तसे नसते. गोळी मोजूनच घरात येते. पातळ औषध मात्र दर वेळी घरी मोजावे लागते. लहान मुलांना आणि गोळी न गिळता येणाऱ्या वृद्धांना त्यावाचून गत्यंतर नाही. मुलाच्या वजनाप्रमाणे मात्रा थोडी कमी, थोडी अधिक करता येते, हा त्याचा मोठा गुण. धोकाही त्यातच आहे. म्हणून लेबलावर औषधाच्या नावापुढे येणारा ‘सिरप’, ‘सस्पेन्शन’, ‘ड्रॉप्स’ हा शब्द शोभेचा समजू नका. ती सूचना असते. बाटली कशी वापरावयाची, हे पुष्कळदा त्या एका शब्दात सांगितलेले असते.

पाकातले आणि गाळातले

प्रथम सिरप. सिरप म्हणजे पाक. भारतीय औषधकोशाप्रमाणे साध्या सिरपात १०० भागांत ६६.७ भाग साखर असते. म्हणजे दोन वाट्याला साखर आणि एका वाट्याला पाणी. आपला मोरांबा वर्षभर का टिकतो, हे गृहिणींना निराळे सांगावयास नको. इतक्या दाट साखरेत जंतूंना वाढण्यापुरते पाणीच मिळत नाही. म्हणूनच ओला चमचा बाटलीच्या तोंडाला लावू नये, आणि ‘घे रे एक घोट’ म्हणून बाटली तर कधीच तोंडाला लावू देऊ नये. पाक पातळ झाला, की मोरांब्यासारखेच औषधही बिघडते. रात्री सिरप दिल्यावर मुलाला घोटभर पाणी पाजावे, नाहीतर ती साखर रात्रभर दातांवर बसते. मधुमेह असलेल्यांनी बिनसाखरेचे मागून घ्यावे. मात्र त्यात गोडीसाठी बहुधा सॉर्बिटॉल असते, आणि ते जास्त झाले तर पोट ढळते.

सिरपात औषध सहसा पूर्ण विरघळलेले असते. पहिला चमचा आणि शेवटचा चमचा सारखाच. सस्पेन्शनचे तसे नव्हे. त्यात औषधाची बारीक पूड द्रवात नुसती तरंगत ठेवलेली असते. ताक थोडा वेळ ठेवले, की निवळ वर येते आणि चोथा तळाला बसतो. पंगतीत मठ्ठा वाढणारा दर वेळी पळी तळापर्यंत फिरवून घेतो, तो उगाच नव्हे. पित्ताच्या जळजळीवरचे पांढरे औषध, मुलांच्या तापावरचे पुष्कळ ठिकाणी मिळणारे पॅरासिटामॉल ही या जातीची.

न हलवल्याने काय बिघडते, असे कुणी विचारील. फिट येणाऱ्या रुग्णांना फेनिटॉइन नावाचे औषध देतात, त्याचेच उदाहरण घ्या. त्याची सस्पेन्शनची बाटली न हलवता दिली, तर सुरुवातीचे डोस पाणचट जातात आणि फिट आटोक्यात येत नाहीत. घरचे म्हणतात, “औषध लागू पडत नाही.” बाटली तळाला आली, की तेच औषध दाट होऊन पोटात जाते. मग रुग्णाला झापड येते, चालताना तोल जातो, डोळे भिरभिरतात. घरचे म्हणतात, “औषध बाधलं.” दोन्ही वेळा दोष औषधाचा नसून मनगटाचा असतो! बाटली चांगली वर-खाली करावी, तळाला गाळ राहिला नाही हे उजेडात धरून पाहावे, आणि लगेच मोजावे.

याच घरातले तिसरे भावंड म्हणजे इमल्शन. तेल आणि पाणी यांचे गोडीगुलाबीने लावून दिलेले लग्न. पाठीवर भला मोठा मासा घेतलेला कोळी ज्या बाटलीवर असे, ती कॉड लिव्हर ऑइलची बाटली आमच्या पिढीतले कोण विसरेल! तीही हलवूनच घ्यावयाची. खूप हलवूनही तेल वेगळेच तरंगत राहिले, तर ते लग्न मोडले असे समजावे आणि बाटली टाकून द्यावी.

चौथे ड्राय सिरप. नाव ऐकून सौ. नेहमी म्हणतात, “कोरडा पाक! हे म्हणजे कोरडं पाणी म्हणण्यासारखं.” पण त्याला कारण आहे. काही अँटिबायोटिक औषधे पाण्यात फार दिवस टिकत नाहीत. म्हणून बाटलीत नुसती पूड भरतात आणि पाणी घरी घालावयाचे असते. प्रथम बाटली आपटून पूड मोकळी करावी. मग उकळून पूर्ण गार केलेले पाणी, किंवा सोबत मिळालेले पाणी, निम्मे घालून हलवावे आणि उरलेले खुणेपर्यंत भरून पुन्हा हलवावे. खुणेच्या वर पाणी गेले, तर सगळेच डोस पातळ झाले म्हणून समजा. त्या क्षणापासून औषधाचे आयुष्य सुरू होते. अमॉक्सिसिलिनच्या जातीतली बरीच औषधे पुढे सातच दिवस टिकतात, आणि काही फ्रिजमध्येच ठेवावी लागतात. लेबल पाहावे, आणि पाणी घातल्याची तारीख बाटलीवर पेनने लिहावी. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपल्यावर उरलेले औषध ‘पुढच्या वेळेला’ म्हणून ठेवण्यात काटकसर नाही. आमच्या पंगतीत असे एक पाहुणे दीड वर्षापासून बसले होते!

चाटण, एलिक्झिर आणि आसव

खोकल्याच्या काही बाटल्यांवर ‘लिंक्टस’ असा शब्द असतो. मूळ लॅटिन धातूचा अर्थ चाटणे. आपल्या वैद्यकातल्या ‘अवलेह’ या शब्दातही ‘लिह्’ म्हणजे चाटणे हाच धातू आहे. हजारो मैलांवरच्या दोन वैद्यकांनी एकच गोष्ट ओळखली, की घशाला आराम हवा असेल, तर औषध घशावरून सावकाश उतरले पाहिजे. म्हणून लिंक्टस गटकन गिळू नये आणि त्यावर लगेच पाणी पिऊ नये.

टिंक्चर म्हणजे मद्यार्कात उतरवलेला अर्क. टिंक्चर आयोडीन जखमेवर लावावयाचे, आणि टिंक्चर बेंझॉईन गरम पाण्यात घालून वाफ घ्यावयाची. यांतले कुठलेही आपल्या मनाने पोटात जाता कामा नये. उलट द्राक्षासव, दशमूलारिष्ट ही पोटात घ्यावयाची. ती आंबवून तयार होतात, त्यांत थोडे मद्यार्क आपोआप उत्पन्न होते, आणि त्यामुळेच ती टिकतात. वैद्य ती बहुधा जेवणानंतर समभाग पाणी घालून घ्यावयास सांगतात. काढ्यात टिकवणारे असे काहीच नसते. म्हणून काढा रोजचा रोज करावा. कालचा काढा आज औषध राहत नाही.

आता एलिक्झिर. मूळ अरबी शब्द, किमयागारांचा. औषधांच्या दुकानात त्याचा अर्थ गोड, स्वच्छ आणि मद्यार्क असलेले औषध. या एका शब्दामागे एक दुःखद इतिहास आहे. १९३७ साली अमेरिकेत एका कंपनीने सल्फानिलामाइड हे जंतुनाशक औषध पातळ रूपात आणले. पूड नीट विरघळेना, म्हणून ती डायएथिलिन ग्लायकॉल नावाच्या गोडसर द्रवात विरघळवली, त्यात रंग आणि वास घातला, आणि लेबलावर लिहिले ‘एलिक्झिर’. तो द्रव विषारी आहे की नाही, हे कुणी तपासून पाहिले नाही. तो मूत्रपिंडे निकामी करतो. शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांत मुले पुष्कळ होती. आणि नवल असे, की विषारी औषध विकल्याबद्दल पकडावे असे कलम तेव्हाच्या कायद्यात नव्हतेच! बाटल्या जप्त करता आल्या त्या एवढ्याच सबबीवर, की ‘एलिक्झिर’ म्हटले म्हणजे त्यात मद्यार्क हवे, आणि यात ते नाही. एक शब्द खोटा ठरला, म्हणून उरलेल्या बाटल्या पकडल्या गेल्या. १९३८ साली तिथे नवा, कडक कायदा झाला.

ही परदेशची जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर तसेही नाही. १९८६ साली मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात औषधी ग्लिसरीनमध्ये हेच विष निघाले आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. २०२२ साली आफ्रिकेतल्या गॅम्बियात सुमारे ७० मुलांचे मृत्यू आपल्या देशात तयार झालेल्या सिरपांशी जोडले गेले. आणि २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या सिरपातून याच विषाने वीसहून अधिक लहान मुलांचा बळी घेतला.

हे विष चवीला गोडसर, दिसायला निर्मळ. आई-बापांनी ते ओळखावे तरी कसे? ओळखता येत नाही; ते काम कारखान्याचे आणि सरकारचे आहे, आणि त्यात हयगय झाली तर मोठ्याने जाब विचारला पाहिजे. आपल्या हाती उरते ते एवढेच, की गरज नसलेले सिरप मुलाला देऊ नये. २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने सूचना काढली, की दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सर्वसाधारणपणे देण्याजोगी नाहीत. मुलांचा बहुतेक खोकला आपला आपणच बरा होतो. कोमट पाणी, पेज, विश्रांती, आणि वर्षावरचे मूल असेल तर अर्धा चमचा मध, एवढे पुष्कळ. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध मुळीच चाटवू नये. कुठलेही सिरप घेतल्यावर मुलाची लघवी कमी झाली किंवा थांबली, तर बाटली हातात घेऊन तडक रुग्णालय गाठावे. औषध घेताना बिल मागावे. त्यावर बॅच नंबर असतो. पुढे काही निघाले, तर त्या आकड्यावरूनच बाटलीचा माग लागतो.

आमच्या घरची गोष्ट

आता मघाशी राखून ठेवलेली गोष्ट. तीन वर्षांपूर्वीचा श्रावण. आमचा नातू तेव्हा अकरा महिन्यांचा, वजन नऊ किलो. रात्री अकराच्या सुमारास अंग तापले. घरातली पॅरासिटामॉलची बाटली संपलेली. चिरंजीव खाली जाऊन नवी घेऊन आले. सौ.नी विचारले, “किती देऊ हो?” मी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणालो, “नेहमीचंच. पाच मिली.”

सौ.नी मोजून पाच मिली दिले. थोड्या वेळाने सूनबाई बाटली ठेवावयास गेली आणि म्हणाली, “बाबा, ही बाटली एवढीशी कशी? आणि हिच्याबरोबर ड्रॉपर कशाला दिलाय?”

मी उठलो. चष्मा लावला. औषधाचे नाव तेच होते. पण त्यापुढचा शब्द ‘सस्पेन्शन’ नव्हता. ‘ड्रॉप्स’ होता.

आमच्या नेहमीच्या बाटलीत ५ मि.ली.मध्ये १२० मिलिग्रॅम औषध असे. ड्रॉप्समध्ये १ मि.ली.तच १०० मिलिग्रॅम. म्हणजे पाच मि.ली.त ५००. चौपटीहून अधिक! माझे हातपाय गार पडले. पुष्कळांना वाटते, आणि सौ.नाही तसेच वाटत होते, की ड्रॉप्स तान्ह्या बाळांसाठी, तेव्हा ते सौम्य असणार. खरे तर उलट. तान्ह्या बाळाला फार पाजता येत नाही, म्हणून थोड्या थेंबांत जास्त औषध भरलेले असते.

डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “काका, किती वेळा दिलंत?” एकदाच, म्हटल्यावर त्यांनी सुस्कारा टाकलेला मला ऐकू आला. “घाबरू नका. आत्ता आणून दाखवा, आणि मी सांगेपर्यंत पुढचा डोस बंद.” तपासून झाल्यावर ते म्हणाले, “एका डोसाने वाचलो. पॅरासिटामॉल फार झालं, की यकृताला इजा होते, आणि ती त्या दिवशी दिसत नाही. मूल एक-दोन दिवस चांगलं खेळतंदेखील. रात्रभर हेच पाच मिली दर चार तासांनी गेलं असतं, तर...” त्यांनी वाक्य पुरे केले नाही. करण्याची जरूर नव्हती.

ती रात्र आम्ही चौघांनी बसून काढली. कुणीही मला एका शब्दाने बोलले नाही, आणि तेच मला फार लागले. चाळीस वर्षे गल्ल्यामागून मी लोकांना ‘लेबल वाचा हो’ म्हणून सांगितले, आणि घरी स्वतः वर्तमानपत्र वाचीत बसलो. वडिलांचे वाक्य त्या रात्री कितीदा आठवले, ते सांगत नाही. नातू आज चार वर्षांचा आहे, आणि हे लिहीत असताना माझ्या शाईच्या बाटलीशी खेळतो आहे.

चमच्यांची परीक्षा

त्यानंतर मी एक उद्योग केला. बिनसुईची सिरिंज घेतली आणि स्वयंपाकघरातले पाच ‘चहाचे चमचे’ पाण्याने मोजले. एक तीन मि.ली.चा निघाला, एक चार, एक साडेचार, एक सहा आणि लग्नात आलेला चांदीचा चमचा सात! डॉक्टर ‘एक चमचा’ म्हणतात तेव्हा त्यांना ५ मि.ली. अभिप्रेत असते, आणि मोठा चमचा म्हणजे १५. आमच्या घरी कुणाच्या हाती कोणता चमचा येईल, यावर औषध निम्मे की दीडपट, हे ठरत होते.

म्हणून बाटलीबरोबर आलेले माप किंवा बुचाचे टोपण हेच वापरावे. ते सपाट जागी ठेवून डोळ्याच्या रेषेत आणून पाहावे. वरून पाहिले, तर चूक होते. तान्ह्या मुलांसाठी खुणा केलेली तोंडावाटे औषध देण्याची सिरिंज सर्वांत उत्तम. बाळाला थोडे बसते धरावे आणि औषध गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडावे. घशात पिचकारी मारली, तर ठसका लागतो. एका बाटलीचा ड्रॉपर दुसरीला लावू नये. प्रत्येकाचा थेंब निराळा असतो. दुधाच्या भरल्या बाटलीत औषध मिसळू नये. दूध उरले, की औषधही उरले. औषध ओकून टाकले, तर लगेच दुसरा डोस न देता डॉक्टरांना विचारावे. आणि ‘गोड गोड खाऊ’ म्हणून तर औषध कधीच देऊ नये. उद्या पोर स्वतःच तो खाऊ शोधीत कपाटापाशी जाईल.

चिठ्ठीवरच्या खुणाही माहीत असाव्यात. ‘बीडी’ म्हणजे दिवसातून दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा, ‘एचएस’ म्हणजे झोपताना, आणि ‘एसओएस’ म्हणजे लागेल तेव्हाच. लागेल तेव्हाचे औषध ठरल्या वेळी घेणारे आणि ठरल्या वेळचे औषध आठवेल तेव्हा घेणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक मी दुकानात पाहिले आहेत.

डोळा, कान आणि कातडी

पोटात न जाणाऱ्या पातळ औषधांचा संसार निराळा. कानाच्या आणि डोळ्याच्या बाटल्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. त्या एका डब्यात ठेवूच नयेत. कानाचे औषध डोळ्यात गेले, तर आग होऊन इजा व्हावयास वेळ लागत नाही. डोळ्यात एका वेळी एकच थेंब पुरतो. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने हलकेच दाबावा, म्हणजे औषध नाकात-घशात उतरत नाही. दोन औषधे असतील, तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. बाटली उघडल्यापासून बहुतेक डोळ्यांची औषधे चार आठवड्यांनी टाकावयाची असतात, मग आत कितीही उरलेले असो. कानात घालावयाची बाटली आधी मुठीत धरून कोमट करावी. गार थेंबांनी घेरी येते. नाक मोकळे करणारे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे वापरले, तर नाक उलट अधिक चोंदते आणि माणूस थेंबांचा गुलाम होतो.

‘लोशन’ आणि ‘लिनिमेंट’ ही बाहेरून लावण्याची. यांचे कपाटही वेगळे असावे. आणि दिवाळीच्या सफाईत एक पथ्य अवश्य पाळा. फिनेल, रॉकेल, ॲसिड यांपैकी काहीही रिकाम्या औषधाच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका. तहानलेल्या मुलाला लेबल वाचता येत नाही.

सर्वांत स्वस्त बाटली

शेवटी एका अशा पातळ औषधाविषयी, जे दुकानात पुडीत मिळते आणि घरी तयार होते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ आली. बनगाव येथे शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात विरघळवून ते रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजावयास सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते चारच्याही खाली उतरले. आयांनी आणि बहिणींनी पेल्या-पेल्याने पाजलेले औषध ते! डॉक्टर २०२२ साली वारले, आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

पण इथेही मात्राच महत्त्वाची. एका लिटरची पुडी एका लिटर पाण्यातच घालावी. ‘जरा कडक करू’ म्हणून पेलाभर पाण्यात घातली, तर जास्त झालेले मीठ बाळाला घातक ठरते. लहान पुड्याही मिळतात. तेव्हा किती पाणी, ते वाचून घालावे. पुडी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात ५ मि.ली.च्या मापाचे सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. आणि केलेले पाणी चोवीस तासांनंतर ओतून द्यावे.

असो. संध्याकाळपर्यंत आमची पंगत उठली. सतरापैकी अकरा पाहुण्यांना निरोप दिला. उरलेल्या सहांवर सौ.नी काय केले असेल? रद्दी कागदाच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येकीवर औषध कुणाचे, कशाचे, किती मिली आणि केव्हा उघडले ते स्वच्छ अक्षरात लिहिले, आणि डिंकाने बाटल्यांना डकवल्या. पट्टीच्या कडेला दोन-चार खाचाही कापलेल्या होत्या.

“खाचा कशाला?” मी विचारले.

“अशाच,” त्या म्हणाल्या, “तुमच्या वडिलांसाठी.”

यंदा आकाशकंदील लावण्याआधी आपणही आपले कपाट एकदा उघडावे, एवढीच विनंती. दिवाळी आपणां सर्वांना सुखाची आणि निरोगी जावो!